२४.२५ ते २९.५ गिगाहर्ट्झ, एकच पॅनेल: एस-वन-वन झकास, पण गेन गेला कुठे?

पॅचवाली | रविवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. इथे बरेच आरएफवाले (रेडिओ लहरींवर काम करणारे) आहेत हे जुन्या धाग्यांवरून कळलं, म्हणून धाडस करतेय.

पुण्यात एम.टेक.च्या शेवटच्या वर्षाला आहे. विषय मिलिमीटर-वेव्ह बेस स्टेशनसाठी वाइडबँड अँटेना. गाइडचं म्हणणं, फाइव्ह-जीचे एन-२५८ आणि एन-२५७ दोन्ही बँड एकाच पॅनेलमध्ये घे. म्हणजे २४.२५ पासून थेट २९.५ गिगाहर्ट्झपर्यंत. मध्य २६.८७५, रुंदी ५.२५, म्हणजे साडेएकोणीस टक्के.

यू-स्लॉट पॅच घेतला, म्हणजे यू आकाराची खाच कापलेला तांब्याचा छोटा तुकडा, तोच अँटेना. त्याखालचा इन्सुलेटर थर, म्हणजे सब्सट्रेट, ०.७८७ मिमी जाडीचा, डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट २.२. सिम्युलेशनमध्ये एकट्या पॅचचा एस-वन-वन (आत दिलेली पॉवर किती परत येते तो आकडा) अख्ख्या पट्ट्यात उणे दहा डीबीच्या खाली. मग ४×४ चा अ‍ॅरे केला, म्हणजे सोळा पॅचची जाळी, दोन पॅचमध्ये ८ मिमी अंतर, त्याच थरावर पॉवर पोचवणारं मायक्रोस्ट्रिपचं (तांब्याच्या पट्ट्यांचं) सोळा फाट्यांचं फीड. बोर्ड बनून आला, मोजला. एस-वन-वन सिम्युलेशनपेक्षाही सुंदर आला! लॅबमध्ये पेढे वाटायचे तेवढे राहिले होते.

मग गेन मोजला, म्हणजे हव्या त्या दिशेला किती जोर मिळतो ते. अपेक्षा १९ डीबीआयची, आला साडेचौदा. क्रॉस-पोलरायझेशन (नको त्या आडव्या दिशेने कंपणारी लहर) तर सांगण्यासारखंच नाही. चार-साडेचार डीबी म्हणजे निम्म्याहून जास्त पॉवर. कुठे शोधू?

जुना_रडारवाला | रविवार, रात्री ११:१५

पेढे वाटले नाहीस हे बरं केलंस. ५० ओहमच्या डमी लोडचाही एस-वन-वन सुंदर असतो, म्हणून त्याला कोणी अँटेना म्हणत नाही. पॉवर परत आली नाही एवढंच तो आकडा सांगतो. ती हवेत गेली, फीडमध्ये जिरली की सब्सट्रेटमधून कडेला पळाली, याबद्दल त्याच्याकडे चकार शब्द नसतो. मोजलेला एस-वन-वन सिम्युलेशनपेक्षा चांगला आला की मी आधी लॉस शोधायला लागतो.

तीन प्रश्न. अख्खा अ‍ॅरे फीडसकट सिम्युलेट केलास का? फीडच्या ५० ओहम लाइनची रुंदी किती? कनेक्टर कुठला?

चहाटळ | रविवार, रात्री ११:३२

मी आरएफवाला नाही, कॉमर्सवाला आहे. पण मुंबईकर म्हणून विचारतो: जुलैत हे चालणार का? आमच्याकडे दोन सरी आल्या की डिशचा टीव्ही आधी मान टाकतो.

पॅचवाली | सोमवार, सकाळी ८:०५

@रडारवाला काका, एकेक करून:
अख्खा अ‍ॅरे नाही केला. कॉलेजच्या मशीनची रॅम पुरेना. एका पॅचचा गेन घेतला आणि त्याला सोळांच्या मांडणीचा गुणक, म्हणजे अ‍ॅरे फॅक्टर लावला.
लाइन २.४ मिमी.
कनेक्टर एसएमए, लॅबच्या डब्यात होते तेच.

जुना_रडारवाला | सोमवार, दुपारी १:२०

मग चोर सापडले. एक नाही, टोळी आहे.

तुझा पॅच असेल तीन-सव्वातीन मिमीचा आणि त्याला पॉवर देणारी लाइन २.४ मिमीची. ती लाइन आहे की पॅचची धाकटी बहीण? जाड सब्सट्रेट बँडविड्थसाठी घेतलास ते बरोबर. पॅच जमिनीपासून (म्हणजे सब्सट्रेटखालच्या तांब्याच्या थरापासून) जितका उंच तितका तो सैल रेडिएट करतो. पण तोच सब्सट्रेट फीडलाही मिळाला. पॅचने रेडिएट करावं, फीडने करू नये, अशी दोघांची मागणी एकमेकांच्या विरुद्ध, आणि तू दोघांना एकाच खोलीत ठेवलंस. फीडचं प्रत्येक वळण आणि प्रत्येक टी-जंक्शन तिथे अँटेना झालंय. क्रॉस-पोल त्यातूनच येतंय, थोडं यू-स्लॉटमधून.

एसएमए साधारण १८ गिगाहर्ट्झपर्यंतचा. चांगल्या प्रतीचा २६.५ पर्यंत जातो. तुझा पट्टा २९.५ पर्यंत आहे. इथे २.९२ मिमीचा कनेक्टर लागतो, तो ४० पर्यंत चालतो. महाग आहे, आणि टॉर्क रेंचशिवाय कोणाला हात लावू देऊ नकोस.

आता खरं दुखणं. तू बनवलंस ते एकाच दिशेला बघणारं पॅनेल आहे. बेस स्टेशनला बीम वळवावा लागतो, क्षितिजाला समांतर साधारण ±६० अंश. दोन पॅचमधलं अंतर लॅम्डा (तरंगलांबी) भागिले १ अधिक साइन थीटा (बीम वळवण्याचा कोन) यापेक्षा जास्त झालं की ग्रेटिंग लोब उगवतो, म्हणजे तुझा बीम एकीकडे आणि तितकाच तगडा दुसरा बीम भलतीकडे. २९.५ ला लॅम्डा १०.१७ मिमी. ६० अंशांसाठी मर्यादा ०.५३६ लॅम्डा, म्हणजे ५.४५ मिमी. तुझे ८ मिमी बघ: पंधरा-सोळा अंशांपलीकडे वळवलास की संपलं.

म्हणून आडवं अंतर ५.४ धर. उभ्या दिशेला एवढं वळायचं नसतं. ±१५ अंश पुरत असतील तर ८ मिमीपर्यंत मुभा आहे, ७ घे. आणि आता मजा बघ. हेच ५.४ मिमी वरच्या टोकाला ०.५३ लॅम्डा असतं, पण २४.२५ ला, जिथे लॅम्डा १२.३७ आहे, ते ०.४४ होतं. म्हणजे पट्ट्याच्या खालच्या टोकाला शेजारी अंगावर येतात. पॅच एकटा असताना मोजलेला एस-वन-वन तिथे रद्दी आहे. सगळे शेजारी एकदम चालू असताना आणि बीम ६० अंशांवर असताना पोर्टला काय दिसतं, ते बघायचं. त्याला आम्ही अ‍ॅक्टिव्ह एस-वन-वन म्हणतो. सुदैवाने त्यासाठी अख्खा अ‍ॅरे सिम्युलेट करावा लागत नाही. एक घर (एक पॅच आणि त्याच्या वाट्याची जागा) घे, चारी बाजूंना पीरियॉडिक बाउंडरी, म्हणजे तेच घर शेजारी अनंत वेळा आहे असं धरणारी अट, वर फ्लोके पोर्ट (अशा जाळीतून निघणारी लहर मोजणारं दार), आणि स्कॅनचा कोन बदलत जा. कॉलेजच्या मशीनवरही धावेल.

आणखी एक. अ‍ॅरेत पॅचचा गेन तुझ्या हातात फारसा नसतोच. घर ५.४×७ मिमीचं, चार पाय (π) गुणिले क्षेत्रफळ भागिले लॅम्डा वर्ग. मधल्या फ्रिक्वेन्सीला येतात ५.८ डीबीआय. त्याच्यावर एक दाणाही मिळणार नाही, कितीही देखणा पॅच काढ.

@चहाटळ, पावसाचं रात्री लिहितो.

गोथेनबर्गकर | सोमवार, संध्याकाळी ६:४८

रडारवाल्यांशी सहमत. फक्त एक मुद्दा राहिला: यू-स्लॉट टाकून दे. चांगला नाही म्हणून नाही. १९९५ ला ती कल्पना आली तेव्हा एका थरात वीस-तीस टक्के बँडविड्थ मिळणं हीच मोठी गोष्ट होती. पण यू हे अक्षर एकाच दिशेने सममित आहे. बेस स्टेशनला +४५ आणि -४५ अशी दोन पोलरायझेशन एकाच पॅचमधून लागतात, दोन स्वतंत्र डेटा प्रवाहांसाठी. ९० अंशांत फिरवून जो आकार तसाच दिसत नाही, तो इथे कामाचा नाही.

मग उरतं काय? माझ्या मते दोनच शहाणे मार्ग. एक, स्टॅक्ड पॅच: खाली एक पॅच, त्याच्यावर अर्ध्या मिलिमीटरवर दुसरा, किंचित वेगळ्या मापाचा. दोघांचे रेझोनन्स एकमेकांजवळ आले की स्मिथ चार्टवर, म्हणजे मॅचिंगच्या गोल आलेखावर, छोटं वेटोळं पडतं. ते वेटोळं मधोमध आणायचं, हाच सगळा खेळ. दोन, मॅग्नेटो-इलेक्ट्रिक डायपोल. हाँगकाँगच्या लुक आणि वाँग यांनी २००६ साली मांडला. इलेक्ट्रिक डायपोल आणि शॉर्ट केलेला पॅच एकत्र. एक इलेक्ट्रिक प्रवाह, दुसरा मॅग्नेटिक, त्यामुळे पॅटर्न पट्टाभर जागचा हलत नाही आणि मागे फारसं सांडत नाही. बँडविड्थ चाळीस टक्क्यांपुढे जाऊ शकते. पण त्याला पाव लॅम्डा उंची आणि व्हायांच्या (बोर्डातून आरपार जाणाऱ्या, तांबं भरलेल्या भोकांच्या) उभ्या भिंती लागतात. बोर्डवाला रडतो.

माझ्या गावात तिसराही मार्ग आहे. इथल्या चाल्मर्स विद्यापीठातले प्रा. किल्डल यांनी २००९ मध्ये गॅप वेव्हगाइड मांडला: धातूच्या खिळ्यांचा बिछाना आणि वर हवा ठेवून दुसरा पत्रा. पत्रे एकमेकांना टेकवायची गरजच नाही, तरी लहर गळत नाही. डायइलेक्ट्रिक नाही, म्हणून लॉस अगदी कमी. पण एम.टेक.च्या बजेटमध्ये ते बसवू नकोस.

आणि ते सोळा फाट्यांचं फीड कायमचं विसर. हल्ली बीम वळवणारी बीमफॉर्मर चिप बोर्डाच्या पाठीवर, बरोबर पॅचखाली बसते. एका चिपला सहसा चार घरं. चिप ते पॅच अंतर काही मिलिमीटर. २०१७ मध्ये आयबीएम आणि एरिक्सननी दाखवलेलं २८ गिगाहर्ट्झचं मॉड्यूल याच धर्तीवर होतं: ६४ अँटेना, दोन्ही पोलरायझेशन, पाठीवर चार चिप, सगळं मिळून तळहाताएवढं.

जुना_रडारवाला | सोमवार, रात्री १०:०२

@चहाटळ, पावसाचा बाऊ जरा जास्तच होतो. ताशी ५० मिमी म्हणजे छत्री निरुपयोगी करणारा पाऊस. त्यात २८ गिगाहर्ट्झला किलोमीटरमागे नऊ-एक डीबी जातात. ताशी १०० मिमी धरलास तर अठराच्या आसपास. पण या बेस स्टेशनचा पल्ला दीड-दोनशे मीटरचा. दोनशे मीटरला साडेतीन डीबी. ते सोसता येतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला, त्याची सरासरी काढलीस तर ताशी ३९ भरते. डिश टीव्हीची गोष्ट वेगळी. तिची लहर कित्येक किलोमीटर पावसातून तिरपी येते आणि हातात मार्जिन जेमतेम.

पाऊस हवेत असताना त्रास नाही, रेडोमवर (अँटेनाच्या कव्हरवर) थांबला की आहे. प्लास्टिकवर पाण्याची सलग साय धरली तर तोच अर्धा आरसा होतो. म्हणून पाणी थेंब होऊन घसरेल असा लेप लावतात.

रेडोमवरून आठवलं, @पॅचवाली, कव्हर विसरू नकोस. ३.५ गिगाहर्ट्झवाले डोळे मिटून दोन मिमीचं प्लास्टिक लावतात, चालतं. तुझ्याकडे २.८ डायइलेक्ट्रिकच्या प्लास्टिकला २७ गिगाहर्ट्झला १.६६ मिमी म्हणजे बरोबर पाव लॅम्डा, सगळ्यात वाईट जाडी. कव्हरवरूनच उणे साडेसहा डीबी परत येईल. अर्धा लॅम्डा, ३.३ मिमी, घेतलास तर समोर बघताना कव्हर जवळजवळ अदृश्य होतं. तेही पट्ट्याच्या मध्यावरच. टोकांना आणि ६० अंशांना पुन्हा भांडण.

खवचट_खंडू | मंगळवार, सकाळी ९:४१

सगळं वाचून डोकं गरगरलं, पण मूळ प्रश्न कोणी विचारेना. हे हवंय कोणाला? दक्षिण कोरियाने २८ गिगाहर्ट्झ आधी डोक्यावर घेतलं, मग स्टेशनं उभी केली नाहीत म्हणून २०२२-२३ मध्ये तिन्ही कंपन्यांचे परवाने काढून घेतले. आपल्याकडे २०२२ च्या लिलावात २६ गिगाहर्ट्झ घेतलं गेलं, जिओने प्रत्येक सर्कलमध्ये १००० मेगाहर्ट्झ, एअरटेलने ८००. माझ्या फोनमध्ये त्यातलं काय आलं?

दुसरं: आपल्याला २४.२५ ते २७.५ पुरतं. बारा-साडेबारा टक्के. २९.५ पर्यंत ताणायचा अट्टहास गाइडचा की देशाचा?

गोथेनबर्गकर | मंगळवार, दुपारी २:१०

खंडूशेठ, पहिल्या प्रश्नात दम आहे. ३.५ च्या तुलनेत २८ ला तेवढ्याच अंतरावर १८ डीबी जास्त जातात. शंभर मीटरला ८३ विरुद्ध १०१. ६४ घरांचा अ‍ॅरे बरोबर १८ डीबी देतो, पण म्हणजे फक्त बरोबरी झाली. त्यावर भिंत, झाड, माणसाचं डोकं काहीही आडवं आलं की गेलं. त्यामुळे मिलिमीटर-वेव्ह शहरभर अंथरायची चीज नाही. स्टेडियम, रेल्वे स्थानक, आणि फायबर न पोचलेल्या इमारतीच्या गच्चीवर एकमेकांसमोर लावलेले रेडिओ इथे ती शोभते.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कारखान्यात आहे. भारत-युरोपला २६, जपानला २७ ते २९.५, अमेरिकेला २७.५ ते २८.३५. प्रत्येकासाठी वेगळा बोर्ड म्हणजे वेगळं टूलिंग, वेगळी टेस्टिंग. एक अँटेना सगळीकडे चालली तर पैसा वाचतो. अट्टहास हिशेबनिसाचा आहे, देशाचा नाही.

हवा_पाणी | मंगळवार, संध्याकाळी ७:३०

हिशेबनिसाला एक बिल मी दाखवतो. मी उपग्रहांच्या डेटावर काम करतो. २३.६ ते २४ गिगाहर्ट्झ हा पट्टा फक्त ऐकण्यासाठी राखीव आहे. पाण्याच्या वाफेची क्षीण चमक २३.८ जवळ मोजतात आणि ती पावसाच्या अंदाजात जाते. आपल्या आणि फ्रान्सच्या मेघा-ट्रॉपिक्स उपग्रहावरच्या मद्रास उपकरणात नेमकं हे चॅनेल होतं.

तुमचा पट्टा सुरू होतो २४.२५ ला. मध्ये अंतर २५० मेगाहर्ट्झ, जेमतेम एक टक्का. तुमची वाइडबँड अँटेना २४.२५ ला छान रेडिएट करते, म्हणजे २३.९ लाही करणारच! पॉवर अ‍ॅम्प्लिफायरचा कचरा ती इमाने इतबारे आभाळात पाठवेल. २०१९ ला शर्म अल-शेखच्या जागतिक रेडिओ परिषदेत यावरूनच जुंपली होती. त्या राखीव पट्ट्यात बेस स्टेशनच्या गळतीची मर्यादा ठरली ती अशी: २०० मेगाहर्ट्झमागे उणे ३३ डीबीडब्ल्यू, आणि १ सप्टेंबर २०२७ नंतर लागणाऱ्यांना उणे ३९. म्हणजे आधी अर्धा मिलिवॉट, नंतर साधारण ०.१३.

जुना_रडारवाला | मंगळवार, रात्री ९:१५

बरोबर धरलंत. आणि प्रत्येक पॅचमागे फिल्टर बसवायला ५.४ मिमीत जागाच नाही. एका टक्क्यात कापणारा फिल्टर म्हणजे लॉस आलाच. म्हणून हे काम अ‍ॅम्प्लिफायरच्या लिनिअरिटीवर ढकलतात, मग तो आणखी बॅकऑफ (क्षमतेपेक्षा कमी पॉवरवर चालवणं), आणखी उष्णता. पॅचवाली, थीसिसमध्ये यावर दोन पानं लिही. परीक्षक खूश होतील, आणि न झाले तरी लिहिलेलं खरं असेल.

भोसरीचा_बोर्डवाला | बुधवार, दुपारी १२:५५

जेवणाच्या सुट्टीत धागा वाचला. ताई, बोर्ड आमच्यासारखा कोणीतरी बनवणार, म्हणून चार गोष्टी.

एचिंगला (नको ते तांबं रसायनाने काढताना) आम्ही ±५० मायक्रॉन चूक सांगतो. २.४ गिगाहर्ट्झचा पॅच तीस मिमीचा, त्याला ५० मायक्रॉन म्हणजे किरकोळ. तुमचा तीन मिमीचा. दीड टक्क्याहून जास्त चूक, फ्रिक्वेन्सी साडेचारशे मेगाहर्ट्झ सरकली. बँड नेमका मापाचा ठेवू नका, दोन्हीकडे शिल्लक ठेवा. तांबं पातळ घ्या, १८ मायक्रॉन किंवा कमी; जाड तांब्याची कड तिरकी कापली जाते.

गुळगुळीत तांबं मागा. २८ ला करंट मुख्यतः पृष्ठभागालगतच्या ०.४ मायक्रॉनमध्येच वाहतो. साधं तांबं चिकटावं म्हणून खरखरीत केलेलं असतं, त्याचे डोंगर-दऱ्या त्याहून उंच. फिनिश निकेल-गोल्ड नको, निकेल लॉस वाढवतं. इमर्शन सिल्व्हर मागा, आणि बोर्डाला उघड्या हाताने हात लावू नका, काळं पडतं.

स्टॅक्ड पॅचला थर डकवताना मधलं प्रीप्रेग (चिकटवणारा थर) दाबाखाली पसरतं, डेटाशीटवरची जाडी उरत नाही. आधी विचारा की दाबल्यानंतर किती. आणि रचना वर-खाली सारखी ठेवा, नाहीतर बोर्ड पापडासारखा वाकतो. एक बाजू जाड मायक्रोवेव्ह लॅमिनेट आणि दुसरी पातळ एफआर-४ (साधं फायबरग्लास) असा बोर्ड सरळ निघाल्याचं मी अजून पाहिलं नाही.

नारायणगावकर | बुधवार, रात्री ८:२०

अवांतर. वाइडबँडचा हाच झगडा आमच्या गावाशेजारी खोडदला मीटरच्या लहरींवर झालाय. जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या तीस डिशना आधी अरुंद पट्ट्यांची फीड होती. अपग्रेडमध्ये २५० ते ५०० मेगाहर्ट्झ एकाच फीडमध्ये घेतलं, म्हणजे वरचं टोक खालच्याच्या दुप्पट. त्यापुढे ताईंचे साडेएकोणीस टक्के म्हणजे काहीच नाही, पण आमच्या फीडला ५.४ मिमीवर शेजारी नसतो! चालू द्या.

पॅचवाली | पाच महिन्यांनी, शनिवार

धागा वर काढतेय, रागावू नका.

यू-स्लॉट सोडला. स्टॅक्ड पॅच, दोन पोलरायझेशन, स्लॉट कपलिंग (पॉवर खाचेतून पॅचकडे), घर ५.४×७ मिमी. पहिल्यांदा फ्लोके पोर्ट लावून ६० अंशांचा कोन दिला तेव्हा माझा लाडका आलेख २४.२५ जवळ उणे तीनवर आला. दोन दिवस कोणाशी बोलले नाही. मग घराभोवती व्हायांचं कुंपण घातलं. ते फार जवळ आणलं की बँडविड्थच आवळली जात होती, म्हणून थोडं दूर नेलं, आणि वरचा पॅच मोठा केला. आता ६० अंशांना खालच्या टोकाला उणे सात, बाकी पट्ट्यात उणे दहाच्या आसपास. ४५ अंशांपर्यंत सगळीकडे बरं आहे. उणे सातवर मी थांबलेय. गाइडना आवडलेलं नाही.

चिपसकट अ‍ॅरे बनवायला पैसे नव्हते. ५×५ चा बोर्ड केला, मधल्या घराला पॉवर, बाकी घरं ५० ओहमच्या रेझिस्टरवर. तेवढ्या छोट्या जागेत २.९२ चे दोनच कनेक्टर बसले, एक मधल्याला, एक शेजाऱ्याला. मधल्या घराचा गेन ४.९ डीबीआय आला, काकांच्या ५.८ पेक्षा ०.९ कमी. यावेळी तो लॉस कुठे गेला हे मला सांगता येतंय: लाइन, कनेक्टर आणि थोडा रेझिस्टरांच्या दोषाचा.

@भोसरीचा_बोर्डवाला, पट्टा ३५० मेगाहर्ट्झ वर सरकला. २४.६ ते २९.८५. पॅच लहान निघालेत.

भोसरीचा_बोर्डवाला | शनिवार, रात्री ९:३५

तीन मिमीत ३५० म्हणजे चाळीस मायक्रॉन, दोन्ही कडांना वीस-वीस. जास्त एच झालंय. पुढच्या लॉटला आर्टवर्कमध्येच प्रत्येक कडेला वीस मायक्रॉन वाढवून द्या. आणि पॅनेलच्या कडेला एक मोकळा पॅच कूपन म्हणून ठेवा, ज्याच्याकडून बनवून घेता त्याला सांगा की आधी तो मायक्रोस्कोपखाली मोज, मगच बाकीचं पाठव.

पॅचवाली | शनिवार, रात्री ९:५०

वीस वाढवते. कूपन दोन ठेवते, एक आडवा एक उभा. या वेळी दोन्ही पोलरायझेशनमध्ये ६० मेगाहर्ट्झचा फरकही आलाय.